जेवण मागवायचं अ‍ॅप: जुळे सोलापुरात साडेचार स्टार, पूर्व भागात दोन

अ‍ॅप एकच, मोबाईल एकच, मागवणारा माणूस पण एकच, तरी रिव्ह्यू दोन का ते आधी सांगतो. मी अडीच वर्षं जुळे सोलापुरात भाड्यानं राहिलो, सैफुलच्या अलीकडं, तिसरा मजला, लिफ्ट होती पण चालू कधी बघितली नाही. मागच्या दिवाळीनंतर अम्माचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तिला एकटं ठेवणं जमेना, मग बिऱ्हाड गुंडाळलं नि कन्ना चौकाजवळच्या जुन्या घरी परत आलो, म्हणजे पूर्व भागात, जन्मलो तिथंच. अ‍ॅपमध्ये फक्त पत्ता बदलला. कार्ड तेच, आवड तीच, रविवारी रात्री स्वयंपाकाचा कंटाळा करणारी बायको पण तीच (ती हे वाचणार आहे, म्हणून लिहितो की कंटाळा मलाच येतो). अ‍ॅपचं नाव लिहीत नाही. तशी दोन वापरली, पण दोन्हीचं उन्नीस-बीस तेच, म्हणून एकच धरतो.

आता टेस्ट बघा. हॉटेल नवी पेठेतलं. ऑर्डर ठरलेली, मटण ताट, कडक भाकरी, वर शेंगा चटणी, जिला अ‍ॅपवर 'पीनट ड्राय डिप' लिहिलंय, अम्माला वाचून दाखवलं तर म्हणाली ते नको, आपली चटणी आहे घरात. नवी पेठ गावाच्या मधोमध. तिथनं माझं आत्ताचं घर दोनेक किलोमीटर, नि जुळे सोलापूरचं घर त्याच्या दुप्पट तरी लांब, सात रस्ता, पत्रकार भवन, संभाजी तलाव एवढं ओलांडून जायचं. तर लांबच्या घरी अ‍ॅप म्हणायचं ३० मिनिटं, नि यायचं पण तीस-पस्तीसमध्येच. रायडर बेल वाजवायचा, "सर, ऑर्डर", रस्सा सांडलेला नाही, भाकरी मोडलेली नाही. जवळच्या घरी अ‍ॅप म्हणतं ५५ मिनिटं. नि ५५ मिनिटांनी येतो तो फोन.

"सर, कन्ना चौकात आलोय, पुढं मॅप गोल गोल फिरवलालाय."
मी म्हणलं डावीकडच्या बोळात ये, टॉवेलचा कारखाना दिसेल, त्याच्या शेजारी.
"सर इथं सगळीकडं टॉवेलचेच कारखाने हायेत की."

आता हे त्याचं खरंच होतं. आमच्या बोळात निम्म्या घरांच्या खाली माग आहेत, लाईट असेल तोवर खटखट खटखट चालू, बाहेरच्या माणसाला पाच मिनिटांत डोकं दुखायला लागतं, आम्हाला उलट बंद पडलं की जाग येते. त्या आवाजात फोन वाजलेला कळत नाही हाच तर माझा सगळ्यात मोठा घोळ झाला. फेब्रुवारीत एक ऑर्डर, साडेचारशेची, रायडरनं दोनदा फोन केला म्हणे, मी खाली शेजाऱ्याकडं उभा, दोन माग चालू, मला कुठलं ऐकू येतंय. ऑर्डर कॅन्सल, कारण लिहिलं 'ग्राहक उपलब्ध नाही', पैसे पूर्ण कापले. कस्टमर केअरला चॅट केलं, आधी पंधरा मिनिटं मशीनच बोलत होतं, मग माणूस आला, मी लिहिलं अहो शेजारी यंत्रमाग आहे, आवाज असतो. तो म्हणतो सर पुढच्या वेळी शांत जागी थांबत जा. शांत जागी! पूर्व भागात! अमावस्येला माग बंद असतात तेव्हा मागवतो मग. शंभर रुपयांचं कूपन दिलं, सात दिवसांची मुदत, ती उलटून गेली.

बाहेरगावच्यांसाठी थोडं सांगावं लागेल, नाहीतर वाटेल की हा नुसता दिशेचा मामला आहे. सोलापुरात 'पूर्व भाग' म्हटलं की होकायंत्र काढायचं नसतं. पूर्व भाग म्हणजे पद्मशाली, घरात तेलुगू, माग, विड्या, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ, दसऱ्याच्या आधी बायकांचा फुलांचा सण बतुकम्मा. नि गंमत म्हणजे 'पश्चिम भाग' असं कुणी म्हणत नाही, मी तरी ऐकलं नाही कधी. त्या बाजूला नावं आहेत, रेल्वे लाईन्स, होटगी रोड, विजापूर रोड, जुळे सोलापूर. नावाच्या जागी नुसता 'भाग' आहे तो आम्हालाच. आणि कसब्यातली मंडळी, बाळीवेस नि त्या बाजूची, घरात कन्नड बोलणारी, ती तर स्वतःला कुठल्याच बाजूची मानत नाहीत, ते म्हणजे गाव. सिद्धेश्वराच्या यात्रेचे नंदीध्वज निघतात उत्तर कसब्यातनं, गाव तिथनंच मोजायचं, बाकी आपण सगळे नंतर आलेले.

आमचे पणजोबा निजामाच्या मुलखातनं, करीमनगरकडून आले, बऱ्याच घरांची अशीच कथा आहे, तिकडं पोट भरेना, इकडं सूत मिळायचं नि कापडाचा बाजार होता. गिरण्या पण होत्या, पहिली १८७७ ची, जिला आपण जुनी मिल म्हणतो, मुरारजी पेठेतली. मध्ये कुठंतरी वाचलं की इंग्लंडमधल्या ७० शहरांतली १८८० च्या सुमाराची धुराडी धरून अर्थशास्त्र्यांनी हिशोब मांडलाय, तिकडं वारा जास्त करून पश्चिमेकडनं, धूर पूर्वेला जायचा, परवडतं ते लोक पश्चिमेला सरकले, गरीब पूर्वेला राहिले, नि धूर बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी शहरं अजून तशीच वाटलेली. वाचायला भारी. पण आपलं सोलापूर धुरानं नाही वाटलं गेलं. आमचे लोक पूर्वेला राहिले कारण माग घरातच, वर झोपायचं खाली विणायचं, कांड्या भरायला बाया-पोरं घरातच, नि शेजारी आपली भाषा बोलणारा पाहिजे, उधारीला नि मयताला. हैदराबादचा रस्ता पण त्याच अंगाला. मिल बंद पडल्या तेव्हा मिल कामगारांच्या चाळी बसल्या, घरातला माग तेवढा चालू राहिला. त्यामुळं पूर्व भाग म्हणजे नुसता गरीब भाग असं पण नाही हं, कर्णिक नगरात जाऊन बंगले बघा. पण अ‍ॅपला बंगला दिसत नाही, त्याला पिनकोड दिसतो.

बरं, हे अ‍ॅपवालेच वाईट नि आपण सगळे चांगले असं काही नाही. माझा स्वतःचा धंदा लोनच्या फाइली करायचा. आमच्यात एक शब्द आहे, ओजीएल, म्हणजे पत्ता कंपनीच्या हद्दीबाहेर, नि दुसरा शब्द 'निगेटिव्ह एरिया', म्हणजे हद्दीत आहे पण देऊ नका. यादी छापील नसते, तोंडी असते. माणसाचा पगार चांगला, सिबिल चांगला, पण पत्त्यात 'सेटलमेंट' आलं की वरनं फोन येतो, अजून एक गॅरंटर बघा. सेटलमेंट म्हणजे काय हे नव्या पोरांना माहीत पण नसतं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, त्यांना सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी द्यायला लावली. १९५२ मध्ये ती लोकं मोकळी झाली. तार निघाली, पत्त्यातला शब्द तसाच राहिला. अमेरिकेत तर १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेनं शहरांचे रंगीत नकाशेच काढले होते, धोक्याच्या वस्त्या लाल रंगात, काळ्या लोकांच्या वस्त्या हमखास त्यात, १९६८ मध्ये घराच्या बाबतीतला असला भेदभाव कायद्यानं बंद केला. आपल्याकडं नकाशा नाही, फोनवर सांगतात. तो फोन मी पण घेतलाय नि "बघतो साहेब" म्हणलोय, एकदा नाही, बऱ्याचदा. त्यामुळं माझ्या बोळात डिलिव्हरी येईना म्हणून ओरडताना थोडं जिभेला लागतं.

आता रायडरची बाजू. एका पोराशी चांगली ओळख झाली, चारदा तोच आला. पहिल्या वेळी "सर" म्हणला. दारात उभा असताना अम्मानं आतनं तेलुगूत विचारलं, आलं का रे जेवण, नि हा पोरगा लगेच तेलुगूत, "आलं अम्मा". तिथनं पुढं मी सर नाही, अण्णा. त्यानं सगळं गणित सांगितलं. नवी पेठेतनं विजापूर रोडला ऑर्डर नेली की तिथल्याच हॉटेलची दुसरी लगेच मिळते, गाडी भरलेली जाते भरलेली येते. पूर्व भागात आलं की ऑर्डर टाकली, नि परत चार पुतळ्यापर्यंत रिकामं जायचं, पेट्रोल आपलं. त्यात बोळ, गाडी वळेना, पत्ता सापडेना, वेळ गेला की रेटिंग जातं. म्हणून पोरं इकडची ऑर्डर दिसली की मोबाईलकडं बघतच नाहीत, घेणारा कुणी मिळेना म्हणून ५५ मिनिटं, ५५ मिनिटं बघून लोक मागवत नाहीत, नि मागवत नाहीत म्हणून पोरं फिरकत नाहीत. मशीनला वाटतं इथल्यांना भूकच नाही.

चार पुतळ्यापाशी ही पोरं संध्याकाळी घोळका करून थांबलेली असतात, बघा कधी. वर चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले. चार नावं वाचली तरी चार वेगळ्या गल्ल्या डोळ्यासमोर येतात. खाली पोरं बसून बघतायत कुठल्या गल्लीला किती मिळतायत.

तो पोरगा राहतो विडी घरकुलात, कुंभारीला. त्याची आई विड्या वळते, आमची अम्मा पण चाळीस वर्षं वळायची, गुडघे त्यातच गेले, सूप मांडीवर घेऊन दिवसभर एका जागी, पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा, नि कारखान्यात नेल्यावर मोजणारा खराब म्हणून मूठभर बाजूला काढणार ते वेगळंच. घरकुल म्हणजे कम्युनिस्ट नेते नरसय्या आडम, आमचे आडम मास्तर, त्यांनी लढून विडी कामगार बायकांसाठी उभी केलेली १० हजार घरं, गोदूताई परुळेकरांच्या नावाची, २००६ मध्ये मनमोहन सिंग येऊन चाव्या देऊन गेले. त्याच्याच पुढं रे नगर, ३० हजार घरांचं, त्यातल्या पहिल्या १५ हजारांसाठी जानेवारी २०२४ मध्ये मोदी आले. दोन दोन पंतप्रधान येऊन गेलेली जागा आहे ती. तर तो म्हणाला अण्णा एक गंमत दाखवतो, नि त्याच्या मोबाईलवर गिऱ्हाईकाचं अ‍ॅप उघडून घरचा पत्ता टाकला. वर आलं, 'आम्ही अजून तुमच्या भागात आलेलो नाही.'

"आलेलो नाही म्हणे. मी रोज रात्री एक वाजता हाच टी-शर्ट घालून तिथंच जातो की बे."

मग मी पण खेळ म्हणून वेगवेगळे पत्ते टाकून बघितले. रेल्वे लाईन्स, २८ मिनिटं, डिलिव्हरी फ्री, वर केकची जाहिरात. होटगी रोड, तसंच. विजापूर वेस, ४५, नि निम्मी हॉटेलं गायब. हे तर कमालच आहे, रमजानमध्ये तिथल्याच मीना बाजारात विजापूर रोडवरच्या गाड्या पार्किंगला जागा मिळेना इतक्या येतात, बायकापोरं घेऊन, कबाब खातात, फोटो टाकतात, नि ईद झाली की तोच रस्ता परत 'तिकडं' होतो. पूर्व भागातली हॉटेलं अ‍ॅपवर जेमतेम. अशोक चौकाच्या पुढची तर जवळजवळ नाहीतच. एक खानावळवाला म्हणाला कमिशन कापून मला ताटाला काय उरणार, नि त्याच्याकडं ताट तरी कुठं, डबे आहेत, बाया कारखान्यावरनं येताना नेतात.

समानता एकाच बाबतीत आहे, पाणी. जुळे सोलापूर असो का जोडभावी पेठ, उजनी भरलेली असो का नसो, नळाला रोज पाणी कुणालाच नाही. इथं तरी कुणी बाजू निवडली म्हणून सुटला नाही.

आता कामाचं, म्हणजे रिव्ह्यू. पॅकिंग दोन्हीकडं चांगलं. रस्सा सांडत नाही, पण पूर्व भागात येईस्तोवर गार झालेला असतो, गरम करावा लागतोच. कडक भाकरीला फरक पडत नाही, ती महिनाभर टिकते, तिला काय घाई. चार्ज: अंतर जवळ असून मला दहा-पंधरा रुपये जास्त पडलेत बऱ्याचदा, पावसाचे वेगळे, 'जास्त मागणी'चे वेगळे, मागणी कुठली बाबा, घेणाराच नाहीये. पत्ता: इंग्रजीत टाकलात तर कन्नाचं खन्ना होतं नि मॅप भलतीकडं नेतो, मराठीतच लिहा, नि पिन स्वतः बोटानं ओढून बोळाच्या तोंडाशी ठेवा, घरावर ठेवू नका, घरावर ठेवली की तो मागच्या बोळात जातो. सूचनांच्या रकान्यात मी आता लिहून ठेवलंय, 'फोन उचलला नाही तर माग चालू आहे असं समजावे, खाली येऊन हाक मारावी.' त्याच्यानंतर कॅन्सल एकही नाही झालं, हे मान्य करतो. कस्टमर केअरला स्टार द्यायची सोय असती तर उणे दिले असते.

बाकी एक सांगायचं राहिलं. आमच्या कोपऱ्यावर सकाळी इडलीची गाडी लागते, बोर्ड नाही, नाव नाही, साडेनवाला संपते, पत्रावळीवर चार इडल्या नि वर चटणी अशी पातळ की ओघळ मनगटापर्यंत येतो. जुळे सोलापुरातले आमचे जुने शेजारी काका, रिटायर्ड, त्यांना मी कधीतरी खिलवली होती, तेव्हापासून वेड लागलंय. मागच्या रविवारी सकाळी त्यांचा फोन.

"अरे, ती तुमच्याकडची इडली अ‍ॅपवर दिसत नाही."
"दिसणार नाही काका, तो अ‍ॅपवर नाहीये."
"मग आम्हीच येतो गाडी घेऊन."

अर्ध्या तासानं परत फोन. सत्तर फूट रोडपर्यंत आले होते, पुढं बोळ बघून काकू म्हणाल्या म्हणे गाडी घालू नका, घासेल. मी अम्माचा चार पुडांचा स्टीलचा डबा घेतला, वीस इडल्या भरल्या, चटणी वेगळी, नि काकांना म्हणलं अशोक चौकात थांबा, मी घेऊन येतो. गाडी काढली, जाऊन दिला. काचेतनंच घेतला. "गरम आहे रे," म्हणाले, खूश होते. डबा अजून परत आलेला नाही, अम्मा रोज विचारते.